नऊ वार साइन

मॅट्रिकच्या परीक्षेत त्रिकोणमिती जवळजवळ नव्हती. आमच्या गणिताच्या मास्तरांना मात्र ती होती, एखाद्याला दमा असतो तशी. एरवी माणूस बरा असायचा. अंकगणित शिकवायचा, बीजगणित शिकवायचा, वेळच्या वेळी छड्या मारायचा. दिवाळी झाली, हवा पालटली की उबळ यायची. मग ते फळा स्वच्छ पुसत, एक आडवी रेघ मारत, एक उभी मारत, तपकिरीची चिमूट ओढत आणि डोळे मिटून म्हणत, "साइन."

जगात जे जे जाऊन परत येतं ते सगळं साइन, असा त्यांचा सिद्धांत होता. झोपाळा साइन, भरती-ओहोटी साइन. सोलापुरात समुद्र नसल्यामुळे भरती-ओहोटीबद्दल आमची काही तक्रार नव्हती. एकदा त्यांनी घरोघरचं पंचांग आणायला लावलं आणि पंधरा-पंधरा दिवसांचं दिनमान फळ्यावर मांडलं. मध्ये तीस घटकांची, म्हणजे बारा तासांची रेघ, आणि तिच्या वर-खाली अडीच-पावणेतीन घटका दिवस डुलतोय. पंचांग करणाऱ्यानं ते मांडलं कुठं आणि मास्तरांनी आणून ठेवलं कुठं. ठिपके खरोखरच एका गोल, मऊ ओळीत बसले. मास्तर दोन पावलं मागं सरून बघत राहिले. वैशाखात दिवस मोठा असतो हे कळायला सोलापूरच्या पोरांना ग्राफ लागत नाही, असं मी शेजाऱ्याच्या कानात म्हणालो. ते त्यांना ऐकू गेलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या डोक्यात बसलो.

हे बसणं मला परवडणारं नव्हतं. तेव्हा मॅट्रिकला बसायचं तर आधी शाळेची प्रिलिम पास व्हावी लागे. ज्या विषयात दांडी उडाली त्या विषयाचे मास्तर मान हलवत, आणि मान हलली की मॅट्रिकचा फॉर्म जात नसे. बाकी विषयांत माझं ठीक होतं. गणितात मी वर्षभर काठावर होतो. आमचे वडील कचेरीत कारकून होते आणि बोललेलं मोडायचं नाही ही एकच चैन त्यांना परवडत असे. त्यांनी सांगून टाकलं होतं, "फॉर्म गेला तर गेला. नाही तर माढा."

माढ्याला आमचे थोरले काका एका देवळाची पूजाअर्चा बघत. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि गुडघे गेले होते. देव बरा होता, माझं त्याच्याशी वैर नव्हतं. पण पहाटे उठून विहिरीचं पाणी ओढायचं, घासून घासून गुळगुळीत झालेली तीच समई घासायची आणि येणाऱ्याच्या हातावर पळीभर तीर्थ घालायचं, हे मरेपर्यंत. मास्तरांच्या भाषेत तेही साइनच. ते मला नको होतं. मला पुण्याला जायचं होतं. पुण्याला जाऊन काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण ते माढ्याला नव्हतं एवढं पुरे होतं.

मास्तरांनी घरी करायला साइनचा ग्राफ दिला. शून्य ते तीनशेसाठ अंश, नीट चौकटीच्या कागदावर. मी वडिलांकडे कागद मागितला. त्यांनी कचेरीतला पाठकोरा कागद काढून दिला आणि म्हणाले, "चौकटी आखून घे. हाताला वळण लागेल." मी दोन ओळी आखल्या आणि भवानी पेठेत दोस्ताकडे निघून गेलो.

हा दोस्त इंग्रजी तिसरीपर्यंत माझ्या बाकावर होता. मग त्याच्या वडिलांना एका मागावर दोघांचे हात लागायला लागले आणि तो शाळेतून उठला. त्यांचं घर विणकरांचं, आपसात तेलुगू बोलणारं. तो बापाला नायना म्हणे, मी मामा म्हणे, आणि मामा मला पंतुलू म्हणत. पंतुलू म्हणजे त्यांच्याकडे भटजी, मास्तर, एकूण बसून खाणारा माणूस. त्यांच्या घरी चौकटीचा कागद असतो हे मला ठाऊक होतं, कारण लुगड्याच्या काठाची नक्षी आधी त्या कागदावर मांडतात. एक चौकोन म्हणजे एक धागा. चौकोन भरला की धागा वर, रिकामा सोडला की खाली.

मामांनी एक ताव काढून दिला. पण त्या कागदाची जाड रेघ दहा चौकोनांवर नव्हती, आठांवर होती. विणकराचं सगळं आठांत चालतं. मी म्हटलं, ठीक, नव्वद अंशाला आठ चौकोन धरू, उंचीलाही आठ धरू. म्हणजे एक चौकोन सव्वाअकरा अंशांचा झाला. आता हे वाचणाऱ्यांत कुणी गणिताचा मास्तर असेल तर त्यानं इथं पाणी प्यावं. जगाच्या पाठीवर सव्वाअकरा अंशांनी कुणी ग्राफ काढत नाही. मी काढला. टेबलांच्या पुस्तकातून एकेक किंमत बघितली, आठानं गुणली, आणि पंचेचाळीस अंशाला येऊन अडलो. पाच पूर्णांक सहासष्ट आलं.

"मामा, साडेपाचच्या थोडं वर आलंय. ठिपका कुठं देऊ?"

"सहावर दे."

"पण सहा नाही ना ते."

"मग अर्दा धागा उचल," मामा म्हणाले. "उचलून दाव मला."

मी सहावर दिला. असं करत करत नव्वदपर्यंत पोचलो. पुढं पुस्तक संपलं. टेबल नव्वदाला थांबतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मास्तरांनी पुढचं सांगितलं होतं, इंग्रजीतून सांगितलं होतं, आणि मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो. टेकडी चढली आहे म्हणजे उतरणारच, एवढ्या अकलेवर मी पुढचे ठिपके सरळ रेघेत खाली आणले आणि खालच्या बाजूलाही तसंच केलं. शाई ओली होती, म्हणून कागद भिंतीच्या खिळ्याला अडकवून घरी जेवायला गेलो.

त्या घराचा एक कायदा मला ठाऊक नव्हता. खिळ्यावरचा कागद मागावर जातो. व्यापाऱ्याचा माणूस नवी नक्षी आणून तिथं अडकवी आणि जाई, कुणी कुणाला विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर माझा ग्राफ विणून झाला होता. कागद तेलानं माखून खाली पडला होता आणि मागावर हातभर लुगडं तयार होतं. हिरव्या अंगाला लाल काठ आणि त्या काठातून पिवळी साइन चाललेली, बोटाच्या पेराएवढी एकेक लाट.

मी तो कागद उचलून काठाशेजारी धरला. उद्या ग्राफ दाखवायचा होता. मामांना वाटलं मला नक्षीतली चूक दिसली, म्हणून ते आपण होऊनच बोलायला लागले.

"तुजा कागद चुकला हुता पंतुलू. म्या नीट केला."

काठाची नक्षी मागाला कळते ती लाकडी पट्ट्यांच्या साखळीतून. प्रत्येक पट्टीला भोकं असतात. ज्या भोकात खुंटी ठोकली त्याचा धागा उचलला जातो, मग पुढची पट्टी येते, आणि शेवटची झाली की साखळी फिरून पुन्हा पहिली. माझ्या कागदावर शून्यापासून तीनशेसाठपर्यंत तेहेतीस ठिपके होते. त्यांनी आधी तेहेतीस पट्ट्या लावल्या. चार बोटं विणलं आणि थांबले.

"लाट सरली की ठेचकाळायची," ते म्हणाले. "मग बगितलं, तर पैली पट्टी आन शेवटची पट्टी येकच हाय. दोन ठिवल्या की काठाला ठेच लागती. शेवटची काढून टाकली."

तीनशेसाठ म्हणजेच शून्य, हे मास्तर महिनाभर कंठशोष करून सांगत होते. त्याला ठेच लागते हे कुणी सांगितलं नव्हतं.

"आन ह्यो उतार," मामा पुढं म्हणाले, "चढ येक आन उतार दुसराच? असं कुटं असतंय व्हय? पाव नक्षी काडायची, बाकीची उलटी करायची. चढाचेच आकडे मागनं म्हनत यायचं." आणि त्यांनी पोराला हाक मारली. नक्षी लावताना त्यांच्यात एक जण आकडे म्हणे आणि दुसरा खुंट्या ठोके. दोस्तानं त्या दिवशी म्हटलेले आकडे मला पुन्हा म्हणून दाखवले, ठेक्यात, "सुन्ना, रेंडु, मूडु, नालुगु, आरु, एडु, एडु, एनिमिदि, एनिमिदि." शून्य, दोन, तीन, चार, सहा, सात, सात, आठ, आठ. मग तेच मागं, मग तेच खालच्या बाजूला. बत्तीस पट्ट्यांत लाट पुरी. मी दोनदा ऐकलं आणि ते जे डोक्यात बसलं ते अजून तिथंच आहे. गायत्री मंत्रात मी आजही कधी अडखळतो, यात नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी ग्राफ मागितला. मी उभा राहून खरं ते सांगितलं. "सर, ग्राफ मागावर आहे."

"कशावर?"

"हातमागावर, सर. त्याचं लुगडं होतंय."

मास्तरांच्या नोकरीत म्हशींनी वह्या खाल्ल्या होत्या, पावसात पुस्तकं वाहून गेली होती, आज्या तर एकेका पोराच्या चार-चार वारल्या होत्या. लुगडं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी मला सहा छड्या मारल्या आणि त्या मारताना ते थोडे हसत होते असं माझ्या शेजाऱ्याचं म्हणणं. मला ते दिसण्यासारखं नव्हतं.

व्यापाऱ्यानं ते लुगडं अर्थातच घेतलं नाही, त्याची नक्षी वेगळी होती. काठ मात्र मामांना आवडला होता. साखळी त्यांनी मागावर तशीच ठेवली आणि ते लुगडं घडी घालून माझ्या हातात दिलं. "आईला दे. तुज्या अभ्यासाचं हाय." आईनं ते संक्रांतीला नेसलं. वडिलांनी काठ बोटावर धरून बघितला आणि म्हणाले, "शिकलेलं निदान नेसता तरी येतंय." आमच्या घरात ही शाबासकी समजत.

प्रिलिममध्ये मास्तरांनी अपेक्षेप्रमाणे घात केला. साइनचा ग्राफ काढा आणि ग्राफवरून सांगा, साइन अर्धा कुठं कुठं होतो. मार्क सहा. या वेळी कागद शाळेचा होता, दहा-दहा चौकोनांचा, पण माझा हात आठांचा झाला होता. मी पुटपुटायला लागलो. सुन्ना, रेंडु, मूडु. देखरेखीला संस्कृतचे शास्त्रीबुवा होते. ते येऊन माझ्या डोक्याशी उभे राहिले.

"कोणतं स्तोत्र हे?"

"दाक्षिणात्य आहे, शास्त्रीबुवा."

"परीक्षेत मनात म्हणावं," ते म्हणाले आणि पुढं गेले.

आठ दिवसांनी मास्तरांनी मला वर्गात उभं केलं. हातात माझा पेपर. त्या प्रश्नाचं पान अजून तपासलेलं नव्हतं आणि तेवढं सोडून पास व्हायला मला चार मार्क कमी पडत होते. हे त्यांनी सगळ्या वर्गाला ऐकवलं. माढ्याच्या देवळातली घंटा मला वर्गातच ऐकू आली.

"साइन अर्धा कुठं होतो?" त्यांनी पहिल्या बाकाला विचारलं.

"तीस अंश, सर."

"पाठ आहे म्हणून सांगतोस. ग्राफवर बघितलंस? एकतीस पोरांनी तीस लिहिलंय आणि एकट्या तिसावर थांबली आहेत. आणि हा दीडशहाणा लिहितो, पावणेचौतीस. आणि एकशे सव्वाशेहेचाळीस." ते माझ्याकडे वळले. "दोन उत्तरं हवी होती, ती तू दिलीस. दोन्ही चूक दिलीस. पावणेचौतीस आणलंस कुठून?"

"मागावरून, सर."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. शाळा सुटल्यावर ते म्हणाले, "चल, दाखव," आणि छत्री उचलून माझ्यासोबत भवानी पेठेत आले.

मामांनी त्यांना मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर पोतं टाकून बसवलं. मास्तरांनी आधी काही न बोलता पट्ट्या मोजल्या, बोट लावून, एकेक.

"बत्तीस," ते म्हणाले. "तेहेतिसावी?"

"काढली की. पैली आन शेवटची येकच हाय न्हवं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात बरंच होतं. महिनाभर मी सांगतोय ते या माणसाला न सांगता कळलं, हे होतं, आणि तुला लाज वाटली पाहिजे, हेही होतं. मला वाटली.

"आठाचा अर्धा चार. चारच्या धाग्यावर लाट किती वेळा येते?" मास्तरांनी विचारलं.

मामांनी साखळी हातानं ओढून दाखवली. "वर जाताना येकदा, खाली येताना येकदा. वर गेलेलं खाली येतंय की, मास्तर."

"बरोबर. पण ही चारची पट्टी जागेवर नाही. थोडी अलीकडे हवी." मास्तरांनी वाकून पेन्सिलीचं टोक तीनच्या आणि चारच्या पट्टीमध्ये ठेवलं. "इथं. तीस अंश इथं येतात."

मामांनी तिथं बोट फिरवलं. मग मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता, अडचण होती.

"मास्तर, हितं फट हाय. फटीत खुंटी कशी मारू?"

मास्तरांनी तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली, ओढायची विसरले. आमच्या शाळेतल्या एकाही पोरानं त्यांना इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता, मी तर नाहीच. त्यांनी स्वतः साखळी ओढून पट्ट्या पुढंमागं करून बघितल्या. मग खिशातून माझा पेपर काढला, मांडीवर ठेवला आणि सहापैकी चार मार्क दिले.

"दोन फटीचे कापले," ते म्हणाले.

फॉर्म गेला. वडिलांनी माढ्याला कार्ड टाकलं की पोराचं यायचं तूर्त लांबलं आहे, दुसरा कुणी बघावा.

मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरात साइन नव्हतं. व्याज होतं, हौद होते, विहीर खणणारी माणसं होती. बारा माणसं आठ दिवसांत खणतात तर अमुक माणसं किती दिवसांत, हेच. साइनचा स देखील नाही. मास्तरांच्या दम्याचा मला मॅट्रिकला एक मार्काचाही उपयोग झाला नाही, हे इथं नमूद करून ठेवतो.

त्या संध्याकाळी छापील पेपर खिशात घालून मी भवानी पेठेत गेलो. मामा विणत होते. सूत घेऊन धोटा इकडून तिकडं जात होता. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आला का आपला काठ?"

आपला, असं ते म्हणाले होते. मी लुगडं घेतलं, आकडे घेतले, फॉर्म घेतला, आणि माझ्या हातून त्या घरात आजवर काही गेलं नव्हतं.

"आला की," मी म्हणालो. "पहिलाच प्रश्न."

"काय इचारलं?"

इथं माझं खोटं संपलं. दोस्त शेजारी सूत गुंडाळत बसला होता. त्यानं हात पुढं केला, माझ्या खिशातून पेपर काढला आणि उलगडला. त्याला इंग्रजी तिसरीपर्यंतचं येत होतं. हौद आणि विहीर ओळखायला तेवढं पुरे होतं. त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, मागची बाजूही वाचली. मग त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितं लिवलंय, नायना," तो म्हणाला. "लाट पुरी व्हायला पट्ट्या किती?"

"बत्तीस," मामा म्हणाले. धोटा थांबला नाही.

"बरुबर," दोस्त म्हणाला, आणि पेपराची घडी घालून माझ्या खिशात ठेवून दिली. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. तो माझ्या बाकावर राहिला असता तर त्या वर्षी फॉर्म दोन गेले असते, आणि त्याचा माझ्या आधी गेला असता, हे मला त्या क्षणी कळलं आणि फार वाईट वाटलं.

माझा निकाल लागायला पुढं दोन महिने गेले. पास झालो, हौदांच्या कृपेनं. त्या घरात निकाल त्याच संध्याकाळी लागला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं मामा बायकांपुढं त्या काठाचं लुगडं उलगडायचे तेव्हा काठावरून बोट फिरवून सांगायचे, "बगा, मॅट्रिक पास काठ हाय." कुणी खात्री करायला मागं वळलं, की सूत गुंडाळता गुंडाळता दोस्त मान डोलवायचा, "व्हय. पेपर म्या वाचलाय."